जुन्या ग्राहकांना वाढवून दिलेला स्पीड: तुमच्या घरापर्यंत पोचला का?

सांजवारा | शुक्रवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. मागच्या आठवड्यात आमच्या नेट कंपनीचा मेसेज आला. तुमच्या प्लॅनचा स्पीड १०० वरून २०० एमबीपीएस केला आहे, त्यासाठी जादा पैसे नाहीत. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाहीच. २०१९ पासून मी त्यांच्याकडे आहे, एकदाही बिल थकवलेलं नाही. त्यामुळे मेसेज वाचून मनापासून बरं वाटलं.

मी चिंचवडला राहतो. घरूनच पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची मांडणी करतो. सध्या अंकांचा हंगाम आहे, छापखान्याला रोज सव्वा-दीड जीबीच्या फायली पाठवाव्या लागतात. त्याच वेळी आतल्या खोलीत बायको आठवी ते दहावीचे गणिताचे ऑनलाइन वर्ग घेते. मी फाईल चढवायला लावली की तिकडे फळ्यावरचं गणित अडकतं, मुलं "मॅडम, आवाज तुटतोय" म्हणतात. म्हणून या दुप्पट स्पीडची मी खरोखर वाट बघत होतो.

पण स्पीड टेस्ट केली तर ९४.१. राउटर बंद करून चालू केला, ९४.३. पाच दिवस सकाळ-संध्याकाळ आकडे लिहून ठेवले. कधी ९३.८, कधी ९४.६, त्याच्या वर काटा जातच नाही. लॅपटॉप वायरने राउटरला जोडून टेस्ट केली आहे, वायफायवर नाही. कॉल सेंटरचं म्हणणं, "सर, आमच्याकडून २०० दिसतोय."

दुसरी गोष्ट शेजारच्या काकूंची. कंपनी तीच. २०१८ चा प्लॅन, महिना ९९९ अधिक जीएसटी, स्पीड ५०. त्यांना मेसेज आलाच नाही. नव्या ग्राहकाला हीच कंपनी ७९९ मध्ये २०० देते, मी स्वतः त्यांच्या साइटवर बघितलं. सात वर्षं नेमाने पैसे भरणाऱ्या बाईला जास्त पैशांत पाव हिस्सा स्पीड, हे मला फार लागलं.

तर दोन प्रश्न. माझे २०० कुठे अडले? आणि जुन्या ग्राहकांचा स्पीड आपोआप का वाढत नाही?

काळाघोडा | शुक्रवार, रात्री १०:४१

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच वहीत आहे. कॉल सेंटरवाला खरं बोलतोय. २०० सोडलेले आहेत, ते तुमच्या घरात अडलेत.

१०० एमबीपीएसच्या लॅन पोर्टमधून, म्हणजे वायर खोचायच्या जागेतून, प्रत्यक्ष मोजलं तर ९४-९५ च मिळतात. उरलेले पाच-सहा डेटाच्या प्रत्येक पॅकेटवरच्या नाव-पत्त्यात खर्च होतात. वायफायची किंवा बाहेरच्या लाईनची भानगड असती तर आकडा खालीवर झाला असता, दुपारी १३०, रात्री ७०. तुमचा पाच दिवस एका जागी खिळलाय. म्हणजे वाटेतलं एक टोक १०० वर जोडलं गेलंय.

तीन जागा बघा. एक, फायबरचा डबा म्हणजे ओएनटी. जुन्या डब्यांचं लॅन पोर्ट १०० चंच असतं. काहींना दोन पोर्ट असतात आणि त्यातलं एकच गिगाबिटचं, म्हणजे १००० चं, असतं, लाईनमनने वायर दुसऱ्यात खोचलेली असते. दोन, तुमचा राउटर. खोक्यावर १२०० असा मोठा आकडा असतो, तो वायफायचा. मागची पोर्टं मात्र १०० चीच असलेले राउटर बाजारात भरपूर विकले गेलेत. तीन, मधली वायर. १०० ला आठातल्या चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. उरलेल्या चारांतली एक तार जरी जॅकमध्ये नीट बसली नसेल तर दोन्ही टोकं गुपचूप १०० वर येतात. दिवा हिरवाच राहतो, नेट चालूच राहतं, कुणाला पत्ता लागत नाही.

लॅपटॉप नव्या पॅच कॉर्डने, म्हणजे तयार लॅन वायरने, थेट ओएनटीला लावा आणि नेटवर्कच्या सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघा. १०००/१००० आला तर डबा निर्दोष सुटला. मग राउटर आणि वायर पकडायची.

पिंपळपान | शनिवार, सकाळी ७:०५

मी नाशिकला असतो, वय ७१. माझा ३० चा प्लॅन आहे. बातम्या, कीर्तनं, नातवाशी व्हिडिओ कॉल, सगळं होतं. मला वाढीव स्पीड नको. मला पाहिजे ते एवढंच, की पाऊस आला म्हणून दोन दिवस लाईन जाऊ नये. स्पीड वाढवल्याच्या जाहिराती करण्यापेक्षा लाईन टिकवली तर आमच्यासारख्यांवर खरे उपकार होतील. हे तक्रार म्हणून नाही, मनापासून लिहितोय.

कोरीपाटी | शनिवार, सकाळी ९:२०

पिंपळपान, तुमच्याशी पूर्ण सहमत.

मी सोलापूरकडे टेलिफोन एक्स्चेंजात आयुष्य काढलं, आता निवृत्त आहे. जुन्या ग्राहकांचा स्पीड फुकट वाढवण्याचा आपल्याकडचा पहिला मोठा प्रसंग मला लख्ख आठवतो. १ जानेवारी २००७. बीएसएनएल आणि एमटीएनएलने तेव्हाच्या ग्राहकांना त्याच पैशांत २ एमबीपीएसपर्यंत स्पीड खुला केला. त्याआधी बहुतेक घरांत २५६ केबीपीएस होते. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ लाच ब्रॉडबँड म्हटलं होतं. म्हणजे एका रात्रीत आठपट!

त्या वेळी दोन गोष्टी शिकलो. पहिली तांब्याच्या तारेची. एक्स्चेंजातून आम्ही २ एमबीपीएस सोडले, तरी ग्राहक चार-पाच किलोमीटरवर असेल तर सिग्नल वाटेत विरत जातो. मोडेमच्या पानावर ॲटेन्युएशन (सिग्नल किती विरला) आणि एसएनआर मार्जिन (गोंगाटावर सिग्नल किती वरचढ) असे दोन आकडे दिसायचे. मार्जिन सहाच्या खाली आलं की लाईन सारखी तुटायची. अशा घरी स्पीड मुद्दाम कमी करून दिला की माणूस जास्त सुखात राहायचा. पिंपळपान म्हणतात ते हेच. वेग आणि टिकाऊपणा एकमेकांच्या वाट्याचं खातात, तांब्यावर तर फारच.

दुसरी लिमिटची. तेव्हा महिन्याला ठरावीक डेटा आणि वर प्रत्येक एमबीला पैसे, असे प्लॅन होते. समजा १ जीबीची मर्यादा आहे. २५६ वर ती संपवायला पूर्ण वेगाने साडेआठ-नऊ तास लागायचे. २ एमबीपीएसवर सव्वा तास सुद्धा नाही. स्पीड आठपट, पण पिशवी तेवढीच. म्हणून तेव्हा ५०० रुपयांच्या प्लॅनमध्ये पहाटे २ ते ८ मोकळं असायचं आणि कॉलेजची पोरं दोनचा गजर लावून उठायची.

पुढे १ ऑक्टोबर २०१५ पासून बीएसएनएलने पुन्हा सगळ्यांना, जुन्या-नव्यांना, किमान २ एमबीपीएस केले. त्याआधी तळाचा प्लॅन ५१२ केबीपीएसचा होता. आणि ब्रॉडबँड म्हणजे किमान २ एमबीपीएस ही व्याख्या सरकारने जानेवारी २०२३ मध्ये केली. त्याच्या सोळा वर्षं आधी जो मोठा सण वाटला होता, तो तोपर्यंत तळाचा दगड झाला होता.

तांबडीमाती | शनिवार, दुपारी १२:३०

मी या धंद्यातलाच. चिपळूण-गुहागर पट्ट्यात लोकल केबल ऑपरेटर आहे, आधी फक्त टीव्हीची केबल होती, सात-आठ वर्षांपासून फायबर. सांजवारा यांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. लांब होईल.

तुमचा स्पीड तुमच्या डब्यात ठरत नाही. तुम्ही लॉगइन होता तेव्हा वरच्या सर्व्हरवर तुमच्या नावापुढे एक प्रोफाईल असतं, ५० चं, १०० चं, २०० चं. आमच्या पॅनेलवर ते बदलायला एक मिनिट लागतं. म्हणूनच स्पीड वाढल्यावर राउटर बंद-चालू करा असं सांगतात, जुनं सेशन तुटून नव्या प्रोफाईलवर चढायला हवं.

मग आपोआप का होत नाही? तर जुना प्लॅन आणि नवा प्लॅन हे पॅनेलवर दोन वेगळे प्लॅन असतात. कंपनी नवा प्लॅन आणते तेव्हा जुना बंद करते, पण त्यावर बसलेली माणसं तिथेच राहतात. ऑटो-पे लावलेलं असेल तर दर महिन्याला जुनाच प्लॅन रिन्यू होत राहतो, वर्षानुवर्षं. काकूंचं नक्की हेच झालंय. त्यांनी नियमित पैसे भरले म्हणूनच त्या मागे राहिल्या. ज्याचं रिचार्ज चुकतं तो फोन करतो, आणि फोन केला की त्याला नवा प्लॅन मिळतो.

दुसरी बाजूही सांगतो. आमच्याकडच्या मुख्य यंत्राच्या, म्हणजे ओएलटीच्या, एका पोर्टला २.५ जीबीपीएस असतात. त्याच्या पुढे फायबरला फाटे फोडणारा स्प्लिटर लावून आम्ही ३२ किंवा ६४ घरं जोडतो. ६४ घरांनी एकाच क्षणी पूर्ण जोर लावला तर प्रत्येकाला ३९ येतील. तसं कधी होत नाही म्हणून १००-२०० विकता येतात. पण रात्री ९ ते ११ आणि क्रिकेटच्या मोठ्या सामन्याला आमच्या छातीत धडधड असते. वरून घेतलेली बँडविड्थ न वाढवता सगळ्यांची प्रोफाईलं दुप्पट केली तर कागदावर स्पीड वाढतो आणि रात्री नेट रांगायला लागतं. यूट्यूबसारखा माल जवळच्या कॅशवरून, म्हणजे जवळच साठवलेल्या प्रतीवरून, येतो म्हणून तो चालतो, ऑफिसला जोडणारा व्हीपीएन मात्र मरतो. लोक स्पीड टेस्ट करतात, ती सुद्धा जवळच्याच सर्व्हरवर, तिथे आकडा छान दिसतो.

मागच्या वर्षी मी माझ्या सगळ्या ५० वाल्यांना १०० केलं. आधी वरची लाईन वाढवून घेतली, मग एका रात्री दोन वाजता बसून प्रोफाईलं बदलली. सकाळपासून एकेकाला फोन केले, काकी, एकदा डबा बंद करून चालू करा. तीन दिवस लागले. ज्यांचे डबे जुने होते त्यांना पूर्ण १०० दिसलेच नाहीत, त्यांचे डबे हळूहळू बदलतोय. पैसे मला वाढवून मिळाले नाहीत. पण माणसं टिकली. गावात माणूस एकदा दुसरीकडे गेला की परत येत नाही.

आणि पिंपळपान काका, पावसाचं तुम्ही बोललात ते काळजाला लागलं. आमच्याकडे महावितरणच्या खांबांवरून फायबर जाते. फांदी पडते, माकडं वायर चावतात, जुलैत कधीकधी एका रात्रीत सहा-सहा ठिकाणी जोडायला जावं लागतं. डोक्याला टॉर्च बांधून भर पावसात स्प्लायसिंग, म्हणजे तुटलेली फायबर जोडायचं काम, करणारी पोरं आहेत माझी. तरीही दोन दिवस म्हणजे फारच. डब्यावर लाल दिवा लागला की लगेच कळवत जा, वाट बघू नका. लाल दिवा म्हणजे बहुतेक वेळा फायबर कुठेतरी तुटलेली असते, ती आपली आपण सुरू होत नाही.

अबोली | शनिवार, दुपारी ३:१५

मी म्हापशाहून. तांबडीमातींच्या सविस्तर प्रतिसादाबद्दल आभार, खूप काही कळलं.

आमच्या बिल्डिंगचा किस्सा वेगळा आहे. आमच्याकडे घरात फायबर नाहीच. गच्चीवर कंपनीची पेटी आहे, फायबर तिथपर्यंत येते आणि पेटीतल्या नेट वाटणाऱ्या स्विचमधून प्रत्येक फ्लॅटला साधी लॅन वायर. कंपनीने सगळ्यांना १५० केले तेव्हा अठरा घरांपैकी एकालाही ९५ च्या वर मिळाले नाहीत. प्रत्येकजण आपापला राउटर बदलत बसला, दोघांनी तर महागातले आणले. शेवटी लक्षात आलं की गच्चीवरचा स्विचच १०० चा आहे. सगळ्यांनी मिळून एक अर्ज केला, तेव्हा तो बदलला. एकेकट्याने तक्रार करून काहीच हललं नव्हतं. ज्यांच्याकडे अशी गच्चीवरची जोडणी आहे त्यांनी राउटरवर पैसे घालण्याआधी शेजाऱ्याचा आकडा विचारा. दोघांचा ९४ असेल तर दोष बहुधा घरात नाही.

चारमिनारजवळ | शनिवार, संध्या. ६:४८

हैदराबादेत बारा वर्षं झाली. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागायच्या सुमाराला एसीटी या नेट कंपनीने आमच्या शहरातल्या ग्राहकांचे स्पीड महिनाअखेरपर्यंत ३०० एमबीपीएस केले होते आणि डेटाची मर्यादाही काढली होती. घरात तिघांची ऑफिसं एकाच वेळी सुरू झाली होती, त्या दिवसांत त्याचा फार आधार वाटला. बीएसएनएलनेही तेव्हा लँडलाईनवाल्यांना महिनाभर नेट फुकट दिलं होतं. स्पीड वाढवणं तांत्रिकदृष्ट्या किती सोपं असू शकतं हे त्या महिन्यात दिसलं.

पण मला दोन मुद्दे मांडायचे आहेत, ज्यांवर इथे कुणी बोललं नाही.

एक अपलोडचा. सांजवारा, तुम्हाला फायली चढवायच्या आहेत, उतरवायच्या नाहीत. मेसेजमधले २०० दोन्हीकडचे आहेत का ते विचारा. बऱ्याच ठिकाणी फक्त डाउनलोड वाढतो. सप्टेंबर २०२० मध्ये जिओफायबरने प्लॅन बदलले तेव्हा जाण्याचा आणि येण्याचा वेग सारखा दिला, ३९९ ला ३०, ६९९ ला १००, आणि जुन्या ग्राहकांनाही नव्या प्लॅनचे फायदे लागू होतील असं जाहीर केलं. तेव्हापासून आपल्याकडे फायबरवर सारखा वेग ही अपेक्षा रुळली. पण केबलवर चालणाऱ्या जोडण्यांत आजही अपलोड फार कमी असतो. तुमच्या बायकोच्या वर्गात आवाज तुटतो त्याचं कारण अपलोडच आहे. तुमची फाईल जाण्याची वाट पूर्ण भरून टाकते, तिच्या आवाजाची पॅकेटं मागे रांगेत उभी राहतात. राउटरमध्ये क्यूओएसची, म्हणजे कुणाला आधी वाट द्यायची ते ठरवायची, सोय असेल तर तिच्या लॅपटॉपला प्राधान्य द्या, किंवा तुमच्या लॅपटॉपला अपलोडची मर्यादा घाला. ते आजच करता येईल.

दोन, एफयूपी, म्हणजे महिन्यात पूर्ण वेगाने किती डेटा वापरता येतो त्याची मर्यादा. "अनलिमिटेड" प्लॅनला बहुतेक ठिकाणी महिना ३३०० जीबीची मर्यादा आहे. ३० च्या स्पीडने ती सलग ओढली तर दहा दिवस पुरते, २०० ने ३७ तासांच्या आत संपते. कुणी तसं करत नाही, मान्य. पण चार कॅमेरे क्लाउडवर लावलेल्यांनी आकडा बघून ठेवावा. मर्यादा संपल्यावर स्पीड किती उरेल हे कंपनीने आधी सांगायलाच हवं, आणि तो ५१२ केबीपीएसच्या खाली नेता येत नाही, ट्राय या दूरसंचार नियामकाने ३१ ऑक्टोबर २०१६ रोजी तसा आदेश काढला आहे.

यॉर्कशायरची_लेक | रविवार, पहाटे २:१०

इकडे अजून शनिवार रात्रच आहे. लीड्समधून लिहिते आहे.

काकूंबद्दल वाचून वाईट वाटलं. इथेही हे सर्रास चालतं. नव्या ग्राहकाला स्वस्त आणि वेगवान, जुन्याने करार संपला तरी फोन केला नाही तर महाग आणि संथ. फरक एवढाच, की करार संपत आला की कंपनीने आधी कळवायचं आणि आत्ताचा त्यांचा सगळ्यात चांगला दर कोणता तेही सांगायचं, अशी इथल्या ऑफकॉम या नियामकाची सक्ती आहे. काकूंना असं एक पत्र गेलं असतं तर इतकी वर्षं वाया गेली नसती.

दुसरं मला फार उपयोगी पडलं ते असं. जोडणी घेताना कंपनी "इतक्यापर्यंत" न म्हणता किमान हमीचा स्पीड लिहून देते. मार्च २०१९ पासूनच्या संहितेप्रमाणे स्पीड त्या हमीच्या खाली गेला आणि कंपनीने ३० दिवसांत सुधारला नाही, तर दंड न भरता करार सोडता येतो. संहिता ऐच्छिक आहे, पण मोठ्या कंपन्यांनी सही केली आहे. माझ्या घरी तेव्हा रस्त्यावरच्या पेटीपर्यंत फायबर आणि पुढे तांब्याची तार होती. तिथे कितीही केलं तरी ८० उतरायला आणि २० चढवायला हेच छत. "स्पीड वाढवला" असं पत्र आलं तरी छत तेच राहिलं. शेवटी गल्लीत पूर्ण फायबर आल्यावर सुटले. हमीचा किमान आकडा आपल्याकडे छापील यावा असं मला मनापासून वाटतं. "पर्यंत" हा एक शब्द ग्राहकाचं सगळं बोलणं खाऊन टाकतो.

काळाघोडा | रविवार, सकाळी १०:०२

"पर्यंत" बद्दल शंभर टक्के सहमत.

आपल्याकडे दाद मागायची पद्धत आहे, लोक वापरत नाहीत. आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात तक्रार आणि तिचा नंबर घ्यायचा. मिटली नाही तर त्याच कंपनीच्या अपिलीय प्राधिकरणाकडे अपील. त्याला फी नाही आणि ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिकडे थेट मेल करून हात हलवत बसू नका. स्पीडची तक्रार करताना वायरने जोडून केलेल्या टेस्टचे स्क्रीनशॉट लावा, तारीख-वेळ दिसेल असे. वायफायवरचा आकडा दिलात की "सर, भिंती आहेत" असं उत्तर येतं, आणि खरं सांगायचं तर ते बऱ्याचदा बरोबरही असतं. वायफायच्या २.४ च्या पट्ट्यावर जोडलेल्या साध्या फोनला शेजारच्या दहा राउटरांच्या गर्दीत ४०-५० मिळाले तरी खूप.

सांजवारा, काय झालं पुढे?

सांजवारा | रविवार, रात्री ८:३५

सापडलं!

सकाळी चप्पल-स्टँडच्या वर जिथे फायबरचा डबा आहे तिथे स्टूल घेऊन बसलो. नवी पॅच कॉर्ड लावली, लॅपटॉप थेट डब्याला. लिंक १०००/१०००. टेस्ट १९७.८, अपलोड १९६. म्हणजे कंपनीने दिलेला शब्द पाळला होता, आणि मी आठवडाभर त्यांच्या माणसाशी चढ्या आवाजात बोलत होतो. त्याला आज फोन करून तसं सांगितलं.

मग डबा ते हॉलमधला राउटर ही वायर राहिली. ती २०१४ साली फॉल्स सीलिंग करताना इलेक्ट्रिशियनने आतून टाकली होती. हॉलच्या टोकाचा जॅक हातात घेऊन बॅटरीच्या उजेडात बघितला. आठातल्या चारच जागा भरलेल्या. नारिंगी जोडी आणि हिरवी जोडी आत गेलेली, निळी आणि तपकिरी जॅकच्या बाहेर, वायरच्या मागे दुमडून काळी टेप गुंडाळलेली. टेप सोडली तेव्हा निळी जोडी दुसऱ्या एका पातळ वायरला पिळलेली निघाली. ती वायर पुढे बेडरूममध्ये जाते. तेव्हा लँडलाईनचा दुसरा फोन तिथे होता! म्हणजे त्या माणसाने एकाच वायरमधून नेट आणि फोन दोन्ही नेले होते. त्या काळात त्याने काही चूक केली नाही. नेट ८ एमबीपीएसचं होतं, चार तारा भरपूर होत्या. लँडलाईन आम्ही पुढे परत केली, आणि ती निळी जोडी आजवर त्या मेलेल्या फोनसाठी अडकून होती.

दुपारी चापेकर चौकातून क्रिंपर (जॅक दाबून बसवायची पक्कड) आणि जॅक आणले. दोन्ही टोकं कापून नव्याने बांधली. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. पहिला जॅक फुकट गेला, हिरवी आणि निळी उलट बसली. दुसऱ्यांदा बायकोने रंग मोठ्याने वाचले आणि मी बसवले. वायर खोचली, राउटरवरचा दिवा क्षणभर विझून पुन्हा लागला. हॉलमध्ये १९८.२.

१.२ जीबीची अंकाची फाईल मुद्दाम लगेच पाठवली. पावणेदोन मिनिटं लागायची, पन्नास सेकंदांत गेली. चारमिनारजवळ, तुमचं ऐकून त्यानंतर अपलोडला १२० ची मर्यादाही घातली आहे. संध्याकाळच्या वर्गात प्रमेय सुरू असतानाच मी फाईल चढवत होतो. आतून एकदाही "मॅडम, आवाज" ऐकू आलं नाही. ते ऐकण्यासाठी मी दाराशी उभा राहिलो होतो.

आता काकू. तांबडीमातींचं बोलणं त्यांना वाचून दाखवलं. मग आम्ही दोघांनी मिळून कॉल सेंटरला फोन लावला. मी फक्त एवढंच विचारलं, की नव्या ग्राहकाला ७९९ मध्ये जे देता ते यांना का नाही? पलीकडच्या मुलीने दहा मिनिटांत प्लॅन बदलला. पुढच्या महिन्यापासून ७९९, स्पीड आजपासूनच २००. दहा मिनिटांचं काम! काकू फोन ठेवून गप्प बसल्या होत्या. म्हणाल्या, "अरे, मला वाटायचं मागायला गेलं तर वाढवतील." पैसे वाढवतील या भीतीने त्यांनी इतक्या वर्षांत एकदाही फोन केला नव्हता. मागचे पैसे परत मिळणार नाहीत हे त्यांना कळतंय, मलाही कळतंय. पण ते मनातून जात नाही.

तांबडीमाती | रविवार, रात्री ९:१०

वाचून फार आनंद झाला. निळी जोडी फोनला, हे आम्हीही पूर्वी शेकडो घरांत केलंय. उद्यापासून माझ्या पोरांना सांगतो, स्पीड वाढवला की आधी जॅक बघा.

काकूंचं वाक्य मात्र डोक्यात राहिलं. माझ्याकडेही अशा काकी असणार. पॅनेलवर चार वर्षांपूर्वीचे प्लॅन काढून यादी करतो.

एक लक्षात ठेवा. काकूंना मिळालेला प्लॅन कायमचा आहे की तीन-सहा महिन्यांची ऑफर आहे, ते बिलावर तपासा. काही ठिकाणी ऑफर संपली की ऑटो-पे वरच्या दराने सुरू होतं. एसएमएस जपून ठेवायला सांगा.

पिंपळपान | रविवार, रात्री ९:४०

सांजवारा, अभिनंदन. मी दुपारी माझं बिल काढून बघितलं. ३० साठी जे भरतो तेवढ्यातच आता ५० चा प्लॅन आहे. ५० मला नकोत, पण ३० चा आताचा दर कमी असेल तर तो हवा. उद्या फोन करतो. लाल दिव्याचंही लक्षात ठेवलं आहे, तांबडीमाती.

सांजवारा | रविवार, रात्री १०:०५

पिंपळपान, नक्की करा, आणि काय म्हणाले ते इथे लिहा.

तांबडीमाती, तुमचं ऐकून आत्ताच काकूंकडे जाऊन आलो. प्लॅनचा एसएमएस जपून ठेवला आहे, त्यात ऑफर असा शब्द नाही. जाता जाता त्यांच्या लॅपटॉपला वायर लावून टेस्ट केली. ९४.४. मधे राउटर किंवा भिंतीतली वायर नाहीच, लॅपटॉप थेट डब्यातच खोचला होता. डबा २०१८ चा आहे, मागे दोन पोर्टं आहेत, दोन्ही तेच दाखवतात. हा बदलून मागायचा तर कंपनीला काय सांगू? डब्याच्या मागच्या स्टिकरचा फोटो उद्या उजेडात काढून टाकतो.